‘टिप्सी’ला जाणकार हवा

कोशरावांना उभ्या आयुष्यात कुणी पिताना पाहिलं नव्हतं. खोकल्याचं औषधसुद्धा ते पाणी घालून घ्यायचे. असा हा माणूस अवघ्या चार दिवसांत सगळ्या इमारतीत पिणारा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्याला कारण झालं पोस्टकार्डाएवढं एक कार्ड.

कोशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते नाव इमारतीनं ठेवलेलं. जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरी जी काही सूचना लावायचे, ती कोशराव कामावर जाता जाता लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. पाणी उद्या येणार नाही ही बातमी वाचून लोक हवालदिल व्हायचे, तेव्हा कोशराव त्यातला अनुस्वार शोधत असायचे. ते इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणाऱ्या कोशाच्या कार्यालयात कामाला होते. एकतीस वर्षं झाली होती आणि कोश ‘टी’ या अक्षरापर्यंत आला होता. एवढी वर्षं लागली म्हणून कुणी हसू नये. त्या कार्यालयाची कामाची पद्धतच तशी होती.

पद्धत अशी की एका शब्दाला एक कार्ड. कार्डावर अर्थ लिहायचा, खाली पुस्तकातले दाखले, आणि सगळ्यात खाली जाणकाराची सही. हा नियम क्रमांक सात. ज्या धंद्यातला शब्द, त्या धंद्यातल्या माणसाला अर्थ वाचून दाखवायचा आणि ‘बरोबर आहे’ म्हणून त्याची सही घ्यायची. सहीशेजारी दोन रकाने: ‘व्यवसाय’ आणि ‘या शब्दाशी संबंध’. जाणकारांची नावं खंडाच्या शेवटी छापली जात. सुतारकामाच्या शब्दांवर सुतारानं सही केली होती, शस्त्रक्रियेच्या शब्दांवर सर्जननं. ‘टॅडपोल’साठी आलेल्या शाळामास्तरांनी पुरावा म्हणून बरणीतून एक बेडकाचं पिल्लू आणलं होतं आणि ते तीन महिने कार्यालयात वाढलं. ‘टायरंट’ म्हणजे जुलमी राजा, या शब्दावर इतिहासाच्या प्राध्यापकांनी सही केली. त्याहून जवळचा जाणकार याच कार्यालयात बसतो, असं टायपिस्टबाईंचं मत होतं. पण ते त्यांनी मोठ्या साहेबांच्या कानावर जाऊ दिलं नाही.

तर सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांनी कोशरावांना आत बोलावलं आणि ‘टिप्सी’चं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं.

“यावर सही नाही.”

“जाणकार मिळत नाही, साहेब.”

“मग शब्द वगळा. ‘टिप्सी: ड्रंक पाहा’ एवढं लिहा, झालं. शुक्रवारी दुपारी बारा वाजता खंड छापखान्यात जातोय.”

कोशराव सहसा साहेबांपुढे बोलत नसत. त्या दिवशी बोलले. “साहेब, ते दोन निराळे शब्द आहेत.”

“फरक काय?”

“थोडासा.”

“थोडासा फरक असेल तर थोडीशीच जागा पुरे,” साहेब म्हणाले आणि पुढचं कार्ड उचललं.

आता हा फरक काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापायी घडलं. कोशरावांनी अकरा वर्षं इंग्रजी कादंबऱ्या वाचून या एका शब्दाचे सतरा दाखले जमवले होते. कुठे दुसऱ्या पेल्यानंतर टोपी दिव्यावर अडकवणारी आत्या, कुठे खुंटाळ्याला वाकून नमस्कार करणारा निवृत्त कर्नल, कुठे प्रवचन विसरून बागेतल्या गुलाबांची क्षमा मागणारा म्हातारा पाद्री. ही सगळी माणसं टिप्सी. लेखक त्यांच्याकडे हसून बघतो आणि त्यांना माफ करतो. पण सतरांपैकी एकाही दाखल्यात मजूर टिप्सी झालेला नव्हता. मजूर थेट ड्रंक. कोशरावांनी हे निरीक्षण कार्डाच्या समासात बारीक अक्षरात नोंदवलं होतं आणि साहेबांनी त्यावर ‘अनावश्यक’ असा शेरा मारला होता.

आणि आपल्या भाषेतले शब्द बघावेत तर तर्र, टुन्न, झिंगलेला. सगळे पार पलीकडच्या काठाला पोचलेले. अलीकडच्या काठावर एक पाय पाण्यात घालून उभ्या असलेल्या माणसासाठी कोशरावांना नेमका शब्द सापडत नव्हता. तो सापडावा असं त्यांना फार वाटत होतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी ती चूक केली, जी कोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढलेला माणूसच करू शकतो. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात सूचना लावली:

‘जाणकार हवेत. किंचित प्यालेल्या अवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सभ्य रहिवाशांनी दुसऱ्या मजल्यावर सायंकाळी सहा ते सात या वेळेत भेटावे. महिलांचेही स्वागत. नाव छापले जाईल.’

शेवटचं वाक्य त्यांनी आमिष म्हणून घातलं होतं. सुतारापासून सर्जनपर्यंत प्रत्येकाला आपलं नाव छापून आलेलं आवडलं होतं. इमारतीनं मात्र ते धमकी म्हणून वाचलं.

मंगळवारी सकाळपासून जिन्यात विचित्र शांतता पसरली. लोक एकेक पायरी जपून उतरू लागले. तळमजल्यावरचे शिंपीकाका गुडघ्यामुळे डुलत चालत, ते कोशरावांना अडवून म्हणाले, “हा गुडघा आहे बरं का. एक्स-रे आहे माझ्याकडे.” कोशरावांनी एक्स-रे बघायला नकार दिला, तरी त्यांनी तो संध्याकाळी वर पाठवून दिला.

पहिले आले ते समोरच्या घरातले निवृत्त फौजदार. खुर्ची ओढून बसत त्यांनी आवाज खाली आणला. “यादी किती जणांची झाली?”

“कसली यादी? मला एक सही हवी आहे.”

“मग माझी घ्या. तीस वर्षं पंचनामे केलेत. लिहा: तोंडास उग्र दर्प, डोळे तांबडे, तोल अस्थिर, बोलणे असंबद्ध.”

“हे पुढचं झालं, फौजदारसाहेब. मला त्याच्या अलीकडचं हवंय. दर्प उग्र नाही, डोळे नीट आहेत, बोलणं संबद्ध आहे. उलट जरा जास्तच गोड आहे.”

फौजदारांनी बराच विचार केला. “मग गुन्हा कुठाय? तशा माणसाला आम्ही आणतच नाही. त्याची नोंद नसते.” जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, “पण वरच्या मजल्यावर एकाच्या बाबतीत मला संशय आहे. नाव हवं तर सांगतो.”

कोशरावांना नाव नको होतं. मग बायको म्हणाली, “अहो, डॉक्टरांना विचारा ना. शिकलेला माणूस आहे. त्या फळ्यावरच्या कागदानं मला पाणी भरायला खाली जायची चोरी झालीय.” म्हणून ते खालच्या दवाखान्यात गेले. तिथे सात-आठ पेशंट बसलेले आणि आतल्या खोलीला दाराऐवजी पडदा.

“डॉक्टर, माणूस थोडीशी घेतो तेव्हा नेमकं काय होतं?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “केव्हापासून चालू आहे?”

“अकरा वर्षं,” कोशराव म्हणाले. ते दाखल्यांबद्दल बोलत होते.

पडद्याबाहेरची खोकल्याची उबळ एकदम थांबली. डॉक्टर खुर्ची पुढे घेऊन म्हणाले, “घरी माहीत आहे?” आणि कोशराव खरं तेच बोलले, “बायकोला थोडंफार. आईला नाही.” पुढे दहा मिनिटं डॉक्टर त्यांना धीर देत होते आणि ते डॉक्टरांना कार्ड दाखवत होते. शेवटी कार्ड डॉक्टरांच्या ध्यानात आलं, पण त्यांचा अर्थ शंभर मिलिलिटर रक्तातल्या मिलिग्रॅमचा निघाला. कादंबरीतल्या आत्याचं रक्त काढणं शक्य नव्हतं. बाहेर आल्यावर पेशंटांनी सरकून कोशरावांना बाकावर जागा करून दिली. एका अनोळखी बाईंनी “जपून जा हं” म्हटलं. आपली अब्रू दवाखान्यातल्या बाकावर राहिली हे त्यांना घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना दारावर टकटक झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई होत्या. वय साठीच्या आसपास, आवाज कमावलेला. त्या आत आल्या, दार स्वतः लावलं आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“वर्षातून एकदा बहिणीकडे जाते. ती एक ग्लास देते, छोटा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याला कधी हात लावला नाही. पण पहिला अर्धा संपला ना, की दिव्याच्या कडा मऊ होतात. माणसं आहेत त्याहून जवळ बसल्यासारखी वाटतात. एरवी मी ताल चुकणाऱ्या मुलांवर ओरडते. तेव्हा वाटतं, चुकेनात. गात तर आहेत.”

कोशरावांनी सगळं उतरून घेतलं. सतरा दाखल्यांत नव्हतं ते त्या बाईंनी चार वाक्यांत सांगितलं होतं. त्यांनी कार्ड पुढे केलं.

बाई उठल्या. “सही नाही करणार. माझ्याकडे बावीस मुली शिकायला येतात. नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी दोन उरतील.” दाराशी जाऊन त्या वळल्या. “पण अर्थ चांगला लिहा हं, कोशराव. वाईट लिहू नका.”

त्या बाहेर पडल्या आणि जिन्यात सेक्रेटरींना दिसल्या. सेक्रेटरी पत्र घेऊन वर येत होते. पत्रात लिहिलं होतं की, ‘आपल्या घरी सायंकाळि सहा ते सात चालणाऱ्या प्रकाराबाबत लेखी खुलासा करावा.’ कोशरावांनी आधी ‘सायंकाळि’ची वेलांटी दीर्घ केली आणि मगच पुढचं वाचलं.

गुरुवारी कार्यालयात त्यांच्याआधी एक निनावी पत्र पोचलं होतं. साहेबांनी ते चष्म्याखालून वाचलं.

“तुम्ही पिता?”

“नाही, साहेब.”

“प्रमाणपत्र आणा.”

कोशराव भर दुपारी पुन्हा त्याच पडद्यामागे गेले. डॉक्टर भला माणूस, त्यांनी लगेच लिहून दिलं: ‘माझ्या माहितीप्रमाणे हे गृहस्थ सध्या मद्यपान करीत नाहीत.’ त्या ‘सध्या’नं कोशरावांच्या काळजाला घरं पडली. एका शब्दानं माणसाचं केवढं नुकसान होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण खाडाखोड केलेलं प्रमाणपत्र चालत नाही, म्हणून तसंच नेऊन दिलं.

साहेबांनी ते फाइलला लावलं. “उत्तम. म्हणजे तुम्ही पीत नाही हे सिद्ध झालं. तेव्हा या शब्दाबद्दल तुमच्या मताला किंमत नाही हेही सिद्ध झालं. उद्या बारापर्यंत सही, नाहीतर ‘ड्रंक पाहा’.”

शुक्रवारी सकाळी कोशराव आंघोळ करून, कपडे घालून, बाहेरच्या खोलीत कार्ड पुढ्यात घेऊन बसून राहिले. नऊ वाजले होते. त्यांनी पेन उघडलं, ‘ड्रंक’ लिहायला घेतलं आणि हात थांबला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कामावर जायच्या वेळेला, त्यांचे डोळे भरून आले.

“काय लिहितोयस?” आतल्या खोलीतून आईनं विचारलं.

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. ती खिडकीशी बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवून गुंडे करायची. मधली भिंत फळ्यांची होती. सोमवारपासूनचा शब्द न् शब्द तिच्या कानावर गेला होता.

“काही नाही, आई. कार्यालयाचं काम.”

“ते कार्ड आण इकडे.”

कोशरावांनी कार्ड नेलं. तिनं ते दूर धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं.

“फौजदाराला विचारलंस. डॉक्टरला विचारलंस. फळ्यावर कागद लावलास. मला विचारलंस?”

“तुला काय ठाऊक असणार यातलं?”

“दार कोण उघडायचं?” आई म्हणाली.

कोशराव तिच्या खाटेच्या कडेवर बसले.

त्यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची एकेक उलटी अक्षरं हातातल्या पट्टीवर लावून ओळी करायचं काम. महिन्याकाठी एखादं पुस्तक पुरं व्हायचं, शेवटची पानं मशीनवर चढायची, आणि त्या दिवशी छापखान्यातली मंडळी कोपऱ्यावर जाऊन दोन पेले घ्यायची. मग वडील दिवेलागणीला घरी यायचे. बाकीचे एकोणतीस दिवस ते फारसं बोलत नसत.

“घर बरोबर सापडायचं त्यांना,” आई म्हणाली. “कधी शेजारच्या दारात गेले नाहीत. पण कडी सापडायची नाही. कडी डावीकडे, हे उजवीकडे चाचपत राहायचे. मी आतून ऐकायची. लगेच उघडायची नाही. जरा ऐकत बसायची. बाहेर उभे राहून दाराशी बोलायचे रे! ‘माफ करा, आपली कडी दिसत नाही,’ म्हणायचे.”

“आणि पेपर,” कोशराव म्हणाले.

“पेपर उलटा धरायचे. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेली. त्यांना उलटा-सुलटा सारखाच. हरवले-सापडलेच्या जाहिराती वाचून दाखवायचे तुला. हरवलेल्या छत्रीचा आवाज काढायचे. तू हसून हसून जमिनीवर लोळायचास.”

पुढचं दोघांनाही ठाऊक होतं, आणि बेचाळीस वर्षांत कुणी ते उच्चारलं नव्हतं. कोशराव चौदा वर्षांचे होते. शाळेतले दोन मित्र घरी आले होते. बाहेर वडील कडी चाचपू लागले. मित्र एकमेकांकडे बघून हसले, आणि कोशरावांनी दार उघडून मोठ्यानं म्हटलं, “या. दारुडे आले.”

वडील रागावले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहिले, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, “हा खिळा इथे बसत नाही. दुसरा शोध.”

“त्यानंतर ते कधी प्याले नाहीत,” आई म्हणाली. “सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हटलं. पण पुन्हा कधी पेपर वाचून दाखवला नाही त्यांनी. उलटाही नाही आणि सुलटाही नाही.”

“आई, मी तेव्हा...”

“लहान होतास. ते मनात ठेवणारे नव्हते. पण तू ठेवलंस. एकतीस वर्षं शब्द धुंडाळतोयस, मला काय कळत नाही?” तिनं लोकरीचा गुंडा बाजूला केला. “पेन दे.”

चौथीपर्यंत शिकलेल्या आईनं जाड, सुटी सुटी अक्षरं काढत सही केली. तिला वीस मिनिटं लागली. कोशराव तोवर हलले नाहीत.

मोठ्या साहेबांच्या टेबलावर कार्ड पोचलं तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. साहेबांनी ते वाचायला घेतलं.

‘टिप्सी: घर सापडते पण कडी सापडत नाही, इतपत प्यालेला, अशा वेळी मवाळ व आनंदी झालेला.’ खाली सतरा इंग्रजी दाखले. त्याखाली, आपल्या भाषेतलं वाक्य म्हणून कोशरावांनी स्वतः लिहिलेलं: ‘त्या संध्याकाळी बाबा किंचित प्यालेले होते आणि त्यांनी आम्हाला उलटा पेपर बिनचूक वाचून दाखवला.’ शेवटी जाणकाराची सही. ‘व्यवसाय’ या रकान्यात: ‘दार उघडणे’. ‘या शब्दाशी संबंध’ या रकान्यात: ‘सोळा वर्षे, महिन्यातून एकदा’.

“हा व्यवसाय आपल्या यादीत नाही,” साहेब म्हणाले.

“नाही, साहेब.”

“नाव छापायचं?”

“पूर्ण नाव छापा म्हणाली. मधे नवऱ्याचं नाव घालून.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते आणि बाहेर छापखान्याची गाडी हॉर्न वाजवत होती. टायपिस्टबाईंनी मशीनवरचे हात थांबवले होते.

“कडी कुठल्या बाजूला होती?” साहेबांनी विचारलं.

“डावीकडे. ते उजवीकडे शोधायचे.”

“आमच्याकडे वर होती,” साहेब म्हणाले. “आई स्टुलावर चढून काढायची.”

एवढंच बोलून त्यांनी छापखान्याच्या यादीत ‘टिप्सी’पुढे स्वतः लिहून ठेवलेल्या ‘ड्रंक पाहा’वर काट मारली, शिक्का उमटवला आणि कार्ड गठ्ठ्यात घातलं. समासातला स्वतःचाच ‘अनावश्यक’ हा शेराही त्यांनी खोडला, पण तसं केल्याचं कुणाला दाखवलं नाही.

संध्याकाळी कोशराव घरी आले. फळ्यावरची त्यांची सूचना कुणीतरी काढून टाकली होती आणि शिंपीकाका पायरीवर बसल्या जागेवरून त्यांच्याकडे फार सहानुभूतीनं बघत होते. कोशराव त्यांना काही समजावत बसले नाहीत. वर जाऊन त्यांनी दार वाजवलं. एरवी बायको उघडायची. आज आतून काठीचा आवाज आला, सावकाश, आणि कडी काढायला बराच वेळ लागला.

दारात आई उभी होती.

“बसला का रे खिळा?” तिनं विचारलं.

“बसला,” कोशराव म्हणाले.